गेलेल्या दिवसांची पावणी

खारवाडा हे गाव गोव्यात, आमोण्याच्या खालच्या अंगाला, मांडवीच्या काठावर आहे. गावची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत आणि तरीही नदी शेतांत येत नाही, कारण मध्ये मातीचा बांध आहे. ही व्यवस्था कित्येक पिढ्या नीट चालल्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष देत नसे. त्या वर्षी दिवाळीनंतर, भात घरात आल्यावर, बांधाला एक भोक पडल्याचं निदर्शनास आलं. भोक खेकडा जाईल एवढं होतं आणि त्यातून खेकडाच जात होता. परिस्थितीचं गांभीर्य लक्षात घेऊन खारवाडा खाजन कूळ संघाची तातडीची सभा पुढच्या महिन्यात बोलावण्यात आली.

खाजन म्हणजे बांधामागची ही खारी शेतं, आणि कूळ संघ म्हणजे ती कसणाऱ्यांची संस्था. संघाचं काम एकच होतं, बांध सांभाळायचा. संघाचं उत्पन्नही एकच होतं. बांधाला जिथे पाण्याची लाकडी दारं आहेत त्या मानशीवर जाळं लावून मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीत दिला जाई. पावणी म्हणजे जाहीर बोली. जो सगळ्यांत वर बोलेल त्याची मानस. खारवाड्यात मानशीपासून जत्रेतल्या नारळापर्यंत सगळं पावणीवर ठरे. निर्णय घेण्याच्या इतर पद्धती जगात आहेत हे गावाला ऐकून ठाऊक होतं, पण अनुभव नव्हता.

डिचोलीच्या कंत्राटदाराने दुरुस्तीचा जो अंदाज दिला, तो संघाच्या शिलकीच्या बरोबर दुप्पट निघाला. शिलक किती आहे हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं.

"पैसे अर्धे आहेत," अध्यक्ष गोकुळदास सभेत म्हणाले. "म्हणजे ते दुप्पट करायला हवेत. यात कोणाचं दुमत?"

गोकुळदासांची एकेकाळी खनिज वाहणारी बार्ज होती. खाणी बंद पडल्या, बार्ज भंगारात गेली, आणि नदीकडे बघत बसायची सवय मात्र राहिली. ती सवय त्यांनी मोबाइलवरच्या शेअर बाजाराला लावली होती. तिथेही भरती-ओहोटी होती आणि तिथेही आपली बार्ज नव्हती.

"तर अर्धोच बांध दुरुस्त करूया," मागच्या बाकावरून सुमंगलाबाई म्हणाल्या. "भोंक आसा तो अर्धो."

सुमंगलाबाईंचं शेत भोकाच्या बरोबर समोर होतं. सचिव सुदेश मास्तरांनी, जे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि गावच्या सगळ्या पावण्या तेच पुकारत, इतिवृत्तात लिहिलं : "एक सूचना आली. आल्याची नोंद घेतली."

"शेअर बाजारात वर्षभरात दुप्पट होतात," गोकुळदास म्हणाले. "मी रोज बघतो."

तेव्हा सुमंगलाबाईंची मुलगी सेजल उठून उभी राहिली. सेजल संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि नोकरी लागेपर्यंत संघाची मानद तांत्रिक सल्लागार होती. तिला वाटलं, काकांना सरळ नको म्हणण्यापेक्षा आकड्यांनाच नको म्हणू द्यावं.

"काका, कुठलीही युक्ती वापरायच्या आधी ती मागच्या वर्षांच्या आकड्यांवर चालवून बघायला हवी," ती म्हणाली. "मागे वापरली असती तर फायदा झाला असता की तोटा, ते कळतं. त्याला बॅकटेस्टिंग म्हणतात. त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं."

हे वाक्य बरोबर होतं. सेजलची वाक्यं नेहमीच बरोबर असत. ती बोलून झाल्यावर कुठे जातात इकडे तिचं लक्ष नसे.

सभेत एकदम चैतन्य पसरलं. बांध हा विषय कंटाळवाणा होता, सॉफ्टवेअर नवीन होतं. तिथल्या तिथे 'पूर्वलक्षी चाचणी व इष्टतमीकरण सॉफ्टवेअर निवड उपसमिती' स्थापन झाली आणि जोवर सॉफ्टवेअर निवडलं जात नाही तोवर संघाच्या निधीला कोणी हात लावू नये असं ठरलं.

घरी परतताना मायलेकी बांधावरून चालत होत्या.

"तें तुजें यंत्र कितें सांगतलें गो?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

"मागच्या दहा वर्षांत काय झालं असतं ते."

"मागचें म्हाका खबर आसा. हांव थंयच आसलें. फाल्यांचें सांगता?"

"उद्याचे आकडे नसतात आई. उद्या अजून झालेला नसतो."

"मगीर हें भोंक फाल्यां व्हड जातलें, तें खंय बरयतलें?"

उद्या मोठं होणारं भोक कुठे लिहायचं, याला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता. खेकडा भोकातून बाहेर आला, दोघींना बघून परत आत गेला. आत त्याला आता बरीच जागा होती.

सेजलला एक गोष्ट सतावत होती आणि ती खारवाड्यात सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. बांधाला खांड पडली आणि नदी आत शिरली की शेतात खारफुटी उगवते. एकदा खारफुटी उगवली की ती तोडायला कायद्याने बंदी. म्हणजे ते शेत राहत नाही, जंगल होतं, आणि कागदोपत्री त्याचं फार कौतुक होतं. सुमंगलाबाईंनी पुढच्या पेरणीचं बी पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर ठेवलं होतं. कोरगुट भात, खाऱ्या मातीत येणारं. ते दुसरीकडे कुठे पेरून उपयोग नव्हता.

उपसमितीने जाहिरात दिली : 'मागील दहा वर्षांत सर्वाधिक नफा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्यात येईल.'

"मास्तर, नफा सॉफ्टवेअर दाखवत नाही," सेजल म्हणाली. "नफा युक्तीचा. सॉफ्टवेअर म्हणजे नुसता तराजू आहे. एकच वस्तू कुठल्याही तराजूत तेवढीच भरायला हवी."

"बाय, तू कधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेली नाहीस काय?" मास्तर मायेने म्हणाले. "तिथे एका किलोचे किती प्रकार मिळतात ते बघून ये."

निवड अर्थातच पावणीने व्हायची होती. संघाच्या पडवीत मेज मांडलं, भिंतीला सॉफ्टवेअर दाखवायला पांढरं कापड लावलं, माणसं जनेलाच्या गजांना धरून बाहेरही उभी राहिली. बोली किमतीची नव्हती. मागच्या दहा वर्षांत संघाचा निधी या सॉफ्टवेअरने किती पट केला असता, ते पुकारायचं होतं. ज्याचा भूतकाळ सगळ्यांत मोठा, त्याची निवड.

बोली लावणारे तिघे होते. पुण्याची एक कंपनी लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉलने हजर होती. म्हापशाहून साईश नावाचा तरुण आला होता. बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं आणि तिथे मोबाइलचे रिचार्ज, पासपोर्टचे फोटो आणि 'त्रिकाल प्रो' हे सॉफ्टवेअर मिळे. तिसरी बोली सेजलची होती. तिने इंटरनेटवरून एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं होतं, त्यात गोकुळदासांची, मोबाइलवर रेघ चढताना दिसली की घ्यायचं, ही युक्ती घातली होती आणि दलाली, कर, चुकलेले दिवस सगळं वजा केलं होतं.

"पहिली बोली सल्लागारांची," मास्तर म्हणाले. "बोल बाय."

"पाऊणपट," सेजल म्हणाली.

जनेलाबाहेरच्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"म्हणजे?" गोकुळदासांनी विचारलं.

"म्हणजे पैसे कमी झाले असते, काका. पाव निधी गेला असता."

"अगो बाय," गोकुळदास दुखावल्या आवाजात म्हणाले, "पावणीत खाली बोलायला कोण येतं काय?"

"शिवाय फुकटचं आहे," मास्तर म्हणाले. "फुकटच्या वस्तूचं बिल कुठून आणणार? उद्या ऑडिटला काय चिकटवू, तुझं डोकं?" सेजलची बोली 'नकारात्मक दृष्टिकोन व बिलाचा अभाव' या कारणांनी बाद झाली.

"दुप्पट!" साईश म्हणाला.

"दुप्पट एक वार..."

साईशने त्रिकाल प्रोमधलं एक हिरवं बटण दाबलं. त्यावर 'सुधार' असं लिहिलं होतं. कापडावरची रेघ थरथरली आणि वर सरकली. "तिप्पट!"

"अडीचपट," पुण्याची कंपनी म्हणाली. नेटवर्क कमी असल्यामुळे तिची बोली नेहमी मागच्या बोलीला उत्तर देत होती.

"तिप्पट चालू आहे, अडीचपट काय बोलता? तिप्पट एक वार, तिप्पट दोन वार..."

"पाचपट!" साईश. तो आता एकटाच स्वतःवर बोली चढवत होता. बटण दाबलं की भूतकाळ सुधारत होता. जनेलाबाहेरची माणसं टाळ्या वाजवू लागली. सातपट झाले. अकरापट झाले. "हॅलो, आवाज येतोय का?" पुण्याने विचारलं, पण ती बोली धरता येत नव्हती. एकवीसपटीला कोणाच्या तरी घरून जेवायला बोलावणं आलं म्हणून मास्तरांनी मेजावर थाप मारली. "तीन वार!"

"साईश, कधी घ्यायचं आणि कधी विकायचं याचे नियम यात कुठून आले?" सेजलने विचारलं.

"मशीन स्वतःच शोधतं," साईश अभिमानाने म्हणाला. "लाखो नियम लावून बघतं. जे चालले असते ते ठेवतं, जे चालले नसते ते फेकतं."

"म्हणजे गेल्या वर्षीचा पेपर हातात देऊन त्याचीच उत्तरं पाठ करायची आणि त्याच पेपरात शंभर मार्क मिळवायचे!"

"मग त्यात वाईट काय?" सुदेश मास्तरांना खरंच कळेना. "माझी सगळी मुलं अशीच पास झाली."

सेजलने अजून एक प्रयत्न केला. ती म्हणाली, दहापैकी तीन वर्षं बाजूला ठेवूया. मशीनला ती दाखवायची नाहीत. उरलेल्या सातांवरून त्याने नियम शोधावेत आणि मग त्या न पाहिलेल्या तीन वर्षांवर ते चालतात का बघावं.

गोकुळदास ताडकन उठले. संघात सभेची भाषा मराठी आणि भांडणाची कोकणी, असा अलिखित रिवाज होता. "वर्सां लिपोवंक सांगता ही?" ते ओरडले, मग सावरून मराठीत आले. "हा संघ पारदर्शक आहे. आम्ही कुठलंही वर्ष कोणापासून लपवणार नाही. उद्या कोणी माहिती अधिकारात मागितलं तर?"

"लपवायला नको," साईश समजुतीने म्हणाला. "कुठलं वर्ष आवडत नसेल तर ते दिसू नये अशी सोय आहे. पण ती प्रीमियममध्ये."

प्रीमियम उधारीवर घेण्यात आलं, बिल नफ्यातून भागवायचं ठरलं. भोक तोवर कोंबडी जाईल एवढं झालं होतं.

आता इष्टतमीकरणाचा, म्हणजे नफा जास्तीत जास्त करायचा, टप्पा सुरू झाला. साईशने सांगितलं की मशीनला जितकी जास्त माहिती द्याल तितका नफा वाढतो. संघाने हातचं काही राखून ठेवलं नाही. वार घातले, तिथी घातल्या, मांडवीच्या भरती-ओहोटीच्या वेळा घातल्या. गोकुळदासांची पत्नी कमलबाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज कुठली मासळी आणली ते लिहीत असत आणि जुनी कॅलेंडरं फेकत नसत. तीही घातली. प्रत्येक गोष्टीसरशी नफा वाढला. कॅलेंडरांनी तर एका झटक्यात तो दीडपट केला. मशीनला असं आढळलं होतं की अध्यक्षांनी शिवराक, म्हणजे बिनमासळीचं, जेवण केलं की दुसऱ्या दिवशी बाजार चढतो.

"सोमवारी तुम्ही मासळी खात नाही काका, म्हणून तसं दिसतंय," सेजल म्हणाली. "दहा वर्षांत काही मंगळवार चढले असतील. योगायोग आहे."

"योगायोग कसा? एवढी वर्षं मी उपास करतो, त्याचं काहीच फळ नाही म्हणतेस?"

त्या दिवसापासून गोकुळदास रोजच शिवराक झाले, कारण खरेदीचा दिवस कधी उजाडेल याचा नेम नव्हता. कमलबाई सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, करत, ताट त्यांच्यापुढून नेत आणि मुद्दाम हळू नेत.

मशीनने शेवटी नियमांचा अंतिम संच छापून दिला. चोख संच होता. मागच्या दहा वर्षांत एकदाही तोटा नाही. खरेदी कधी करायची, तर मंगळवार असावा, नुकतीच अमावस्या होऊन गेलेली असावी, बाजार उघडताना मांडवीला ओहोटी असावी आणि अध्यक्ष आदल्या दिवशी शिवराक जेवलेले असावेत. निधी बँकेतून काढायला तयार ठेवला. मंगळवार आले. अमावस्याही होऊन गेल्या. ओहोटी होती, अध्यक्षांची ढेकरसुद्धा डाळीची होती. तरी मशीन खरेदी म्हणेना.

सेजल नियमांचं बाड घरी घेऊन गेली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचत बसली. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत, आणखी एक अट होती. वर्ष २०१७ असावं.

ती बाड घेऊन धावत पडवीत आली. "काका, ही खरेदी कधीच होणार नाही! यात वर्ष २०१७ असावं अशी अट आहे."

"ती सगळ्यात पॉवरफुल अट आहे," साईश म्हणाला. "बाजार त्या वर्षी भारी चढला होता. ती काढली तर नफा निम्म्यावर येतो."

गोकुळदासांनी कापडावरच्या रेघेकडे पाहिलं. वर चढत गेलेली ती सुंदर रेघ होती. त्यांच्या बार्जीने उभ्या आयुष्यात असं काही केलं नव्हतं.

"निम्म्यावर?" ते म्हणाले. "एवढी पावणी करून?"

अट कायम ठेवण्यात आली. संघ सन २०१७ च्या प्रतीक्षेत थांबला.

"मग तोवर निधी तरी मोकळा करा," सेजल काकुळतीला आली. "आहे तेवढ्यात भोक बुजेल. आईने चार टोपल्या माती टाकली होती, ती तिसऱ्या भरतीला गेली. आता त्यातून कुत्रं आरपार जातं."

"निधी गुंतवणुकीसाठी राखीव आहे," मास्तर म्हणाले. "गुंतवणूक झाली की मोकळा होईल."

"सतरा साल गेलें मरे!" आतून कमलबाई ओरडल्या. पडवी गोकुळदासांच्या घरालाच लागून होती. "गेलें तें परत येवचें ना. नुस्तें खा!"

"नियम म्हणजे नियम," गोकुळदास म्हणाले आणि मासळीच्या वासाकडे पाठ करून बसले.

शिमगा झाला. नदीचं पाणी उन्हाळ्याने खारट होत चाललं. सेजलने ठरवलं की यांना यांच्याच भाषेत सांगायचं. तिने त्रिकाल प्रोमध्ये एक नवीन शेअर उघडला आणि त्याचं नाव ठेवलं 'बांध'. दरवर्षी बांधामागे किती भात झालं ते घातलं, मानशीच्या पावणीचा आकडा घातला, दुरुस्तीचा खर्च त्या त्या वर्षीच्या दराने वजा केला. मग, मनातून थोडी लाज वाटत असताना, तिने स्वतः हिरवं बटण दाबलं.

मशीनने थोडा विचार केला. मग मंगळवार गेले, अमावस्या गेली, अध्यक्षांचं जेवण गेलं. कापडावर एकच ओळ उरली : सन २०१७ मध्ये बांध दुरुस्त करणे. नफा आजवरचा सर्वाधिक.

सेजलने संघाची सभा बोलावली आणि ती ओळ दाखवली. सगळे वाचत राहिले. गोकुळदासांचे डोळे भरून आले.

"हेच," ते म्हणाले. "हेच मी पहिल्यापासून सांगत होतो."

सेजलला हायसं वाटलं. तिने आईकडे पाहिलं. आई मास्तरांकडे बघत होती.

"निष्कर्ष स्पष्ट आहे," सुदेश मास्तर पेन उघडत म्हणाले. "बांधाची दुरुस्ती २०१७ साली होणं हेच संघाच्या सर्वाधिक हिताचं आहे. सबब ती त्या साली झाली, असा ठराव आपण आज करू."

"मास्तर!"

"पूर्वलक्षी प्रभावाने. त्यात नवीन काय? मला वेतनश्रेणी लागली ती मागच्या तारखेपासून. आज सही केली आणि चार वर्षांपूर्वीचा माझा पगार वाढला. पगार मागे जाऊन वाढू शकतो, तर बांध मागे जाऊन का बांधता येणार नाही?"

"पण तुमच्या पगाराची थकबाकी तरी आज हातात मिळाली ना!"

"मग बांधाचीही मिळेल. धीर धर."

ठराव मतास टाकण्यात आला. सुमंगलाबाईंनी हात वर केला आणि हा शुद्ध वेडेपणा, या अर्थाने "हें पिशेपण!" असं मोठ्याने सांगितलं. इतिवृत्तात आलं : "श्रीमती सुमंगला यांनी हात वर करून व बोलून पाठिंबा दिला. ठराव एकमताने संमत."

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. काम २०१७ चं असल्यामुळे कंत्राटदाराने बिलही २०१७ च्या दराने दिलं. तेव्हाचे दर आताच्या निम्मे होते. संघाकडे पैसे निम्मेच होते. हिशेब अगदी बरोबर जुळला आणि निधी पूर्णपणे कारणी लागला. कंत्राटदार प्रामाणिक माणूस होता. काम आधीच पार पडलेलं असल्यामुळे त्याने माणसं लावली नाहीत आणि त्यांची मजुरी वेगळी मागितली नाही.

मे महिन्यातल्या पौर्णिमेला, भर दुपारी, उधाणाचं पाणी आलं. आवाज फारसा झाला नाही. भोकाच्या वरची माती खाली बसली, मग तिच्या शेजारची बसली, आणि जिथे खेकडा जात होता तिथून होडी जाईल एवढी खांड पडली. नदीला घाई नव्हती. ती सुमंगलाबाईंच्या शेतात शिरली, एका कडेने फिरत फिरत सगळं बघितल्यासारखी दुसऱ्या कडेला गेली आणि तिथे थांबली.

सुमंगलाबाई बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर उभ्या होत्या. पेरणीला महिनाही उरला नव्हता.

"माळ्यावयली मुडी सकयल काडूं नाका," त्या सेजलला म्हणाल्या. बी खाली उतरवून पेरायला आता शेत नव्हतं.

दुरुस्तीसाठी त्यांनी जो अर्ज केला त्याला संघाने तत्परतेने उत्तर दिलं. बांध सन २०१७ मध्ये पूर्णपणे दुरुस्त झालेला असल्यामुळे सदर खांडीचं अस्तित्व अभिलेखाशी विसंगत आहे. अर्जदाराने खांडीबाबत पुरावा सादर करावा. सुमंगलाबाईंनी एका बाटलीत खारं पाणी भरून नेऊन दिलं. मास्तरांनी आवक क्रमांक घालून ते कपाटात ठेवलं.

दरम्यान साईश म्हापशाहून आला. त्याने मे महिन्याचे आकडे त्रिकाल प्रोमध्ये भरले आणि हिरवं बटण दाबलं. मशीनने खांड पडायची तारीख, तिथी आणि भरतीची वेळसुद्धा बिनचूक सांगितली. फक्त ती नंतर सांगितली. पण त्यामुळे सॉफ्टवेअरच्या एकही चूक न करण्याच्या परंपरेला बाधा आली नाही. शेजारच्या दोन गावांनी, आपल्या बांधांची काळजी वाटून, त्रिकाल प्रो मागवलं. नव्या आकड्यांनुसार मासळी निर्दोष ठरल्यामुळे गोकुळदासांचा उपवासही सुटला. पहिल्याच दिवशी त्यांनी खाल्लेली सुंगटं खांडीतून आलेली होती आणि चवीला चांगली होती. खांडीवर जाळं लावायचा हक्क पुढच्या पावणीत काढावा, असा विचार मग पुढे आला.

गणेशचवथीनंतर संघाची सर्वसाधारण सभा झाली. गाव दुःखी नव्हतं, उलट एक प्रकारच्या अभिमानात होतं. जो भेटेल तो म्हणे, हे असंच होणार हे मला ठाऊक होतं. एवढ्या माणसांना जर आधीच कळलं होतं, तर गावात दूरदृष्टी आहे असा अर्थ होतो, असं अध्यक्षांनी मांडलं. तेव्हा ज्याला सगळ्यांत आधी कळलं त्याचा संघाने शाल आणि नारळ देऊन सत्कार करावा. ते ठरवायचं कसं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मास्तर उठून मेजापाशी गेलेच होते.

"बोला! कोणाला कधी कळलं?"

"म्हाका मे म्हयन्यांत!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मे महिना एक वार..."

"शिमग्याक!"

"मला सॉफ्टवेअर विकतानाच कळलं होतं," साईश म्हणाला. तो पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत होता.

"मी बार्ज विकली तेव्हाच म्हटलं होतं, ही नदी एक दिवस घरात येणार," गोकुळदास म्हणाले. पण अध्यक्षांना सत्कार घेता येत नसल्यामुळे ती बोली नुसतीच कौतुकाने ऐकून घेण्यात आली.

"सेजल बाय, तू?" मास्तरांनी विचारलं. "तू तर शिकलेली. तुला कधी कळलं?"

सेजल बसूनच राहिली. बाकी सगळे खोटं बोलत होते आणि तिला खरंच कळलं होतं. अर्धा बांध दुरुस्त करूया असं आई म्हणाली तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही उभं राहून तिने ते बरोबर वाक्य बोलून दाखवलं होतं. 

"पहिल्या सभेत," ती हळू म्हणाली.

"पहिली सभा!" मास्तरांनी आनंदाने मेजावर हात उगारला. "वा! पहिली सभा एक वार! पहिल्या सभेच्या आधीचं कोणी आहे काय?"

सुमंगलाबाई उठल्या आणि लेकीकडे न बघता बाहेर पडल्या. सेजल त्यांच्यामागून धावली. बांधाच्या तुकड्यावरून त्या दोघींना शेतातल्या पाण्यात उभे असलेले खारफुटीचे बोटभर हिरवे कोंभ दिसले. पुढच्या खेपेला कोणी मोजणीला येईल तेव्हा ते जंगल असेल.

पडवीत पावणी अजून मिटलेली नाही. "पहिली सभा दोन वार," असं म्हणून सुदेश मास्तरांनी हात वर धरला आहे आणि ते दाराकडे बघत आहेत. शाल घडी घालून ठेवली आहे, नारळही आहे. बोली तशी सोपी आहे. सभा भरायच्याही आधी, अगदी सुरुवातीला, भोक खेकड्याएवढं असताना, कोणीतरी ते पाहिलं होतं. पुढे काय होणार हे त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि ते नेमकं कसं होतं हे बघायला तो शेवटपर्यंत मजेत वाचत आला.

मास्तर तुमच्यासाठी थांबले आहेत. बोला, मोठ्याने बोला.